दरपत्रकात नसलेलं

मी मूळची पाणीपट्टी विभागातली.
निवडणूक लागली आणि मला खर्च पथकात ओढलं.
बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी जिथं बादलीत टपटपतं
तिथं माझं टेबल.

हातात दरपत्रक.
चहा दहा रुपये, वडापाव पंधरा.
खुर्ची प्लास्टिकची, दिवसाला बारा,
हातांची असली तर चौदा.
झेंडूचा हार, मध्यम.
ढोल, ताशासकट, तासावर.
माणसाचा दर छापलेला नाही.
माणूस आपणहून येतो
असं गृहीत धरायचं असतं.

रेवणनाथ सर म्हणतात, व्हिडिओ थांबवा, मोजा.
मी थांबवते, मोजते.
घणसोलीचं मैदान, उमेदवार क्रमांक चार,
एका ओळीत बावीस, ओळी अठ्ठावीस,
खांबांआड किती ते दिसत नाही.
त्याच्या वहीत खुर्च्या चाळीस.
नोटीस काढली.
उत्तर आलं, टाइप केलेलं, तीन प्रतींत:
चाळीस आमच्या.
बाकीच्या गोविंदा मंडळाच्या,
त्या आधीपासूनच तिथं होत्या.
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
लिहा, म्हणाले, खुलासा प्राप्त.

बिर्याणीचाही खुलासा प्राप्त.
ते वाढदिवस होते.
त्या पंधरवड्यात कोपरखैरण्यात
अकरा जणांचे वाढदिवस झाले,
एका पुतण्याचा दोनदा.

आमच्या वहीला छाया नोंदवही म्हणतात.
त्याची वही उजेडातली, आमची सावलीतली.
तिसरीही एक असणार,
तुर्भ्याच्या कुठल्याशा गाळ्यात
कांद्याबटाट्याच्या आवकीखाली लिहिलेली,
जिला ना ऊन ना सावली.
मी पाण्यातली बाई, मला एवढं कळतं:
मोरब्याचं पाणी उतारानं येतं, त्याचा नकाशा असतो.
हा पैसा चढावर जातो.
म्हणजे कुठंतरी पंप आहे.
त्याच्या खोलीची किल्ली
आमच्या कपाटात कधीच नव्हती.

हे सगळं मी तावातावानं घरी सांगायचे.
अण्णा, माझे सासरे, ऐकायचे, छातीवरचा टाका चाचपत.
ऑपरेशननंतर चौथ्या मजल्यावरून
दोन वर्षांत पाच वेळा उतरले,
त्यातल्या तीनदा खुर्चीत बसवून, चौघांनी धरून.
बारा रुपयांवाल्या खुर्चीत.
लिफ्ट बंद. सोसायटीकडे पैसे नाहीत.

आचारसंहितेच्या आदल्या रात्री लिफ्ट सुरू झाली.
नवी मोटर, नवा दोर, आतून आरसा.
सेक्रेटरी वालावलकरांनी पेढे वाटले,
कुणी दिलं ते सांगितलं नाही.
सांगायची गरज नव्हती, आरशावर फोटो होता.
दुसऱ्या दिवशी पथकानं तो खरवडला.
चौकोनी डिंक तेवढा राहिला.

अण्णा त्या संध्याकाळी एकटे खाली गेले.
खाडीकडच्या रस्त्यानं अर्धा तास चालले,
येताना माझ्यासाठी कणसं आणली.
मी खाल्ली.

दरपत्रक मी पुन्हा पुन्हा चाळलं.
लिफ्ट नाही.
अण्णांचा अर्धा तास नाही.
तारीखही एका दिवसानं अलीकडची,
माझ्या वहीच्या बाहेरची.
सरांना विचारलं, धरायचं का?
सर म्हणाले, तक्रार आहे का कुणाची?
मी गप्प.

निकालानंतर तिसाव्या दिवशी त्याचा हिशेब आला.
पुठ्ठ्याच्या फाइलीत, पावत्या टाचलेल्या,
एकूण बेरीज मर्यादेला सात हजार चारशे कमी.
तो निवडूनही आला होता.
'पडताळणी केली' या शब्दांखाली
मी सही केली. पूर्ण नावाची,
नेहमी करते तशीच.

आता रोज संध्याकाळी चारचं बटण दाबते.
आरशात त्या चौकोनाला अजून धूळ चिकटते,
काळसर, बोटभर जाड कडा.
माझा चेहरा बरोबर त्याच उंचीवर येतो.
मी थोडी बाजूला सरकून उभी राहते.